रिकामी गोळी

“बाबा, ही कानस स्वयंपाकघरात काय करतेय?”

“धुतलेली आहे,” बाबा म्हणाले.

मी विचारलं काय आणि उत्तर आलं काय! आमच्या बाबांशी बोलताना हे नेहमीचंच. कानस लोखंड घासायची होती, त्यांच्या हत्यारांच्या पेटीतली, बारीक दातांची. चहाच्या कपांशेजारी एका स्वच्छ फडक्यावर ती ठेवलेली होती. बाजूला एक छोटी वाटी, आणि वाटीत चिमूटभर गुलाबी भुकटी.

“उकळलीपण आहे,” बाबांनी आणखी माहिती पुरवली. “चांगली दहा मिनिटं.”

“अहो पण कशासाठी?”

“तुझ्या आईच्या गोळीचं कवच काढायला. फार चिवट असतं गं ते. चमच्याखाली दाबलं की गोळी उडून कपाटाखाली जाते. मग म्हटलं, घासूनच काढावं.”

मी कपाळावर हात मारून घेतला. म्हणजे खरोखरच मारला, आवाज झाला.

ती गुलाबी भुकटी मी ओळखत होते. तसल्या गोळ्या रोज माझ्या हाताखालून जातात. औषधांच्या कारखान्यातल्या लॅबमध्ये बावीस वर्षं मी एकच काम करतेय: गोळीतलं औषध किती वेळात किती बाहेर पडतं, ते बघायचं. काचेची सहा भांडी, त्यांत माणसाच्या अंगाइतकं कोमट पाणी, प्रत्येक भांड्यात एक गोळी आणि वर सावकाश फिरणारं वल्हं. ठरल्या तासाला नळीने थोडं पाणी काढून घ्यायचं, त्यात किती औषध उतरलंय ते मोजायचं, रजिस्टरात लिहायचं. मिनिट इकडेतिकडे झालं तर त्याचं कारणही लिहायचं. बाबा जन्मभर माझी चेष्टा करत आले, “आमची लेक पाण्यात गोळी टाकून बघत बसते आणि त्याला नोकरी म्हणते!”

ते स्वतः पाणीपुरवठ्याच्या पंपहाउसात फिटर होते. अडतीस वर्षं पंप उघडले आणि मिटले. जे उघडून बघता येत नाही त्यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही.

“बाबा, ही गोळी फोडायची नसते! अख्खी गिळायची असते! डबीवर लिहिलंय.”

“कुठे लिहिलंय?”

मी डबी हातात घेऊन उलटीसुलटी केली. लिहिलेलं होतं, पण मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, आणि बाबांना न येणाऱ्या भाषेत. मी डबी खाली ठेवली.

“किती दिवस चाललंय हे?”

“तीन आठवडे होतील.”

तीन आठवडे! बरोबर तीन आठवड्यांपासून आई खचायला लागली होती.

दोन वर्षांपूर्वी तिची उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. सगळ्या शब्दांतून एकच शब्द उरला, “पुरे”. भूक लागली तरी पुरे, नको असलं तरी पुरे, आम्ही भेटायला आलो आणि आनंद झाला तरी पुरे. बाबांनी बाई ठेवू दिली नाही. “अडतीस वर्षं पंप सांभाळले, एक बायको सांभाळता येत नाही होय?” असं म्हणून सगळं आपल्याकडे घेतलं. न्हाऊ घालणं, भरवणं, कुशीवर वळवणं, तिचं शौचाचं भांडं साफ करणं. आम्ही रविवारी फळं घेऊन यायचो, बाबांच्या तब्येतीची चौकशी करायचो आणि पाच वाजता निघायचो.

आता तीन आठवडे रोज सकाळी चहानंतर तिची मान लुळी पडायची, कपाळाला गार घाम फुटायचा. एकदा खुर्चीतून घसरली आणि भुवईवर खोक पडली. दुपारी पट्टा बांधून बघावं तर रक्तदाब गगनाला भिडलेला. डॉक्टरांनी गोळी जास्त ताकदीची दिली. बाबांनी तीही घासली.

मग दादाने, माझ्या मोठ्या भावाने, निर्णय घेतला. बाबांना शहात्तरावं चालू आहे, त्यांच्याने हे होत नाही, आईला संस्थेत ठेवायचं. संस्था गावाबाहेर, स्वच्छ, भेटायची वेळ आठवड्यातून एकदा. फॉर्म भरून तयार होता. आज अकरा वाजता तो बाबांच्या सहीसाठी घेऊन येणार होता. त्याने मला विचारलं तेव्हा मी ‘हो’ म्हटलं होतं. आईला कोणी विचारलं नव्हतं. बाबांना सांगितलं होतं, त्याला विचारणं म्हणत नाहीत.

“पण ही कवच काढायची अवदसा तुम्हाला आठवली कुठून?” माझा आवाज चढला.

बाबांनी फळीवरून जॅमची जुनी बाटली काढली आणि माझ्यासमोर ठेवली. आत गुलाबी गोळ्या होत्या.

“हा घे पुरावा. नऊ आहेत.”

“कुठून आणल्यात?”

“तिच्या भांड्यातून. गोळी जशी जाते तशी बाहेर येते. दोनदा-तीनदा बघितलं, वाटलं डोळे गेले आपले. मग धुऊन साठवायला लागलो. पोटात काही राहतच नाही, तर गुण कुठून यायचा? म्हटलं, कवच काढून देऊ.”

रोज त्या भांड्यात हा माणूस इतकं नीट बघत होता, आणि आम्हाला वाटत होतं की त्यांना आता दिसत नाही, सुचत नाही.

“मग मला का नाही विचारलंत? मी हेच काम करते ना? बावीस वर्षं?”

“विचारलं की,” बाबा शांतपणे म्हणाले. “तीनदा.”

खरं होतं. तीनदा फोन आला होता. तिन्ही वेळा अकराच्या सुमाराला, म्हणजे आमच्या तिसऱ्या तासाच्या सॅम्पलच्या वेळी. पहिल्यांदा मी फोन घेतला नाही. दुसऱ्यांदा “नंतर करते” म्हटलं आणि केला नाही. तिसऱ्यांदा ते म्हणाले, “अगं, आईची गोळी...” आणि मी खेकसले, “बाबा, गोळ्यांचं मला नका विचारू, डॉक्टरांना विचारा, मी कामात आहे!”

तेव्हा माझ्यासमोर सहा भांड्यांत अशाच सहा गोळ्या फिरत होत्या. काम संपलं की भांड्यांच्या तळाशी त्यांची कवचं उरतात, अख्ख्या गोळीसारखी दिसणारी. आम्ही त्यांना टरफलं म्हणतो. चहाच्या गाळणीने गाळतो आणि टाकून देतो. बावीस वर्षं टाकतेय. “बाबा, ते रिकामं टरफल आहे, गोळी नव्हे,” एवढं एक वाक्य बोलायचं होतं. तेवढ्याला वेळ नव्हता मला!

“आणि डॉक्टरांना?”

“त्यांनाही विचारलं. म्हणाले, आजोबा, तुम्ही औषध द्या, बाकीचं बघायला मी आहे.”

“धन्य आहे सगळ्यांची,” मी म्हटलं. त्या सगळ्यांत मीही होते, ते बाबांच्या लक्षात आलं असावं.

मी समजावायला बसले. आणि काय सांगू, पहिली पाच मिनिटं मी लॅबची भाषा बोलले! औषध टप्प्याटप्प्याने सुटतं, शोषलं जातं, रक्तातली पातळी चोवीस तास सारखी राहते. बाबा मान डोलावत होते. ती मान मी ओळखते, समोरचा थांबायची वाट बघताना ते तशी डोलावतात.

शेवटी मी वैतागून बाटलीतली एक गोळी काढली आणि अंगठ्याखाली दाबली. ती चपटी झाली. आत फक्त थोडा चिकट लगदा होता.

“बघा! औषध आहे का आत?”

बाबा पुढे सरकले. त्यांनी दुसरी गोळी घेतली, खिशातलं भिंग काढलं आणि खिडकीपाशी गेले. बराच वेळ गोळी बोटांत फिरवत राहिले.

“हिला भोक आहे.”

“आहेच. मुद्दाम पाडलेलं असतं.”

“कशाने? ड्रिलने एवढं बारीक नाही पडायचं.”

“लेझरने.”

“एकच?”

“एकच.”

“मग पाणी आत कुठून जातं?”

“सालीतून झिरपतं. सालीतून पाणी आत येतं, पण औषध सालीतून बाहेर जात नाही. आत दोन थर असतात. वर औषध, खाली नुसतं फुगणारं. पाणी आलं की खालचं फुगतं आणि...”

“वरच्याला ढकलतं,” बाबा म्हणाले. “भोकातून. थोडं थोडं.” ते क्षणभर थांबले. “पिस्टन आहे हा.”

“हो बाबा. पिस्टन आहे.”

“मग हे आधी सांगायचं सोडून काय पातळी पातळी करत होतीस!”

त्यांचा चेहरा उजळला होता. एवढ्याशा गोळीत कोणीतरी पंप बसवलाय, या गोष्टीचं त्यांना भयंकर कौतुक वाटलं होतं. “कोणाचं डोकं असेल गं हे?” असं त्यांनी दोनदा विचारलं. आणि मग, माझ्या डोळ्यांदेखत, तो चेहरा विझला. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

“म्हणजे दिवसभर पुरवायचं पाणी मी एका दमात सोडत होतो. सकाळी पूर, दुपारी नळ कोरडा.”

त्यांनी चपटी झालेली गोळी उचलून बाटलीत परत टाकली.

“ती पडली, ती माझ्यामुळे.”

कोणीही शहाणी मुलगी म्हणाली असती, नाही बाबा, तसं काही नाही. मी ओरडले, “हो, तुमच्यामुळे! आणि माझ्यामुळे! फोन घेतला असता तर काय माझे हात झडले असते?” आणि तिथेच ओट्याला टेकून रडायला लागले. बाबांनी मला ते स्वच्छ फडकं दिलं, कानशीखालचं.

तोंड धुऊन मी डॉक्टरांना फोन लावला. ते आधी रागावले, मग घाबरले, मग त्यांनी सांगितलं ते मी लिहून घेतलं: जास्त ताकदीची गोळी बंद, जुनीच द्यायची, अख्खी, आणि उद्या आईला घेऊन यायचं. साडेदहा वाजले होते.

“हे बघा बाबा,” मी कानस पेटीत ठेवत म्हटलं, “दादाला यातलं अक्षर सांगायचं नाही. डोस जास्त होत होता, डॉक्टरांनी कमी केला, एवढंच मी सांगेन. तुम्ही गोळी घासत होतात हे कळलं तर तो आजच गाडी बोलावेल. कळलं ना?”

“कळलं.”

“तोंड उघडायचं नाही.”

“नाही उघडत.”

दादा आणि वहिनी अकराला आले. वहिनी आईजवळ आत जाऊन बसली. दादाने टेबलावर फॉर्म ठेवला, वर पेन ठेवलं आणि घसा साफ केला. त्याने बहुतेक भाषण पाठ करून आणलं होतं. तो “बाबा, हे बघा” एवढं म्हणतोय तोवर बाबा उठले, पेटी उघडली आणि कानस आणून फॉर्मवर ठेवली.

“तुझी आई हिच्यामुळे पडली,” ते म्हणाले. “मी गोळी घासून देत होतो. ती घासायची नसते. मला माहीत नव्हतं.”

मला त्या क्षणी स्वतःचे केस उपटावेसे वाटले. काय म्हणावं या माणसाला!

दादा आधी कानशीकडे बघत राहिला, मग त्याचा स्फोट झाला. “घासून? कानशीने? बाबा, ती काय पंपाची वॉशर आहे? हेच! हेच मी इतके दिवस सांगतोय! आज गोळी घासलीत, उद्या काय घासाल?”

“त्यांनी मला तीनदा फोन केला होता!” मी मध्ये पडले. “मी घेतला नाही. तुला काय बोलायचं ते मला बोल.”

“तुलाही बोलणार आहे! लॅबमध्ये काम करतेस ना तू?”

“मग बोल की!”

“थांबा रे दोघं,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज अजिबात वाढला नव्हता. “मी चुकलो. त्याला सफाई नाही. पण पंप बिघडला म्हणून कोणी पंपहाउस बंद करत नाही. आधी बिघाड शोधतात. तो सापडलाय. आता मला एकदा चालवून बघू दे. तिला तिकडे नेलंत तर...” त्यांनी जॅमची बाटली आणून कानशीशेजारी ठेवली. “तिचं एवढं नीट कोण बघेल? बाटलीत नऊ आहेत. एक तरी दुसऱ्या कोणाला दिसली असती का?”

“बाबा, प्रश्न तो नाही. प्रश्न असा आहे की...”

“पुरे!”

आतून आवाज आला. खणखणीत. तीन आठवडे आईचा आवाज इतका स्वच्छ आला नव्हता. आज माझ्या तपासणीच्या गडबडीत सकाळची गोळी द्यायचीच राहिली होती, म्हणून असेल. कोणाला म्हणाली, काय पुरे, ते देव जाणे. पण दादा लहानपणी ऐकायचा तसाच एकदम गप्प बसला.

वहिनी बाहेर आली. कानस उचलून बाजूला ठेवली, फॉर्मची नीट घडी केली आणि पर्समध्ये टाकली. “एक महिना बघू या,” ती म्हणाली. “चहा कोण करतंय?”

त्यानंतर बाबांनी मला वात आणला. रोज अकराला लॅबमध्ये फोन! आमच्या भांडी धुणाऱ्या मावशी फोन उचलायच्या आणि लॅबच्या दारातून ओरडायच्या, “ताई, आली हो!” कारण बाबांचा निरोप तेवढाच असायचा. “रिकामी आली.” भिंगाखाली बघून, दाबून, खात्री करून. मी सॅम्पल काढता काढता फोन खांद्याने कानाशी धरायचे आणि म्हणायचे, “बरं बाबा.” एखाद दिवशी गोळी आली नाही तर बाराला, एकला, दोनला फोन. “अजून नाही आली. काही बिघाड असेल का?” “बाबा, येईल! ती काय बस आहे का वेळेवर यायला?” दुसऱ्या दिवशी दोन आल्या की विजयी आवाजात, “दोन्ही रिकाम्या!” आमचे साहेबसुद्धा जाता जाता विचारायला लागले, “काय, आली का?”

महिन्याभरात आई सकाळी खिडकीत बसायला लागली. डाव्या हातात पुन्हा जोर आला आणि त्या हाताने ती बाबांचा चमचा उडवायची. तिसऱ्या घासाला “पुरे!” आणि चमचा थेट बाबांच्या शर्टावर. एका रविवारी दादा भरवत होता, त्याच्या चष्म्यावर मऊ भात उडाला. तो चष्मा न पुसता हसत बसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. फॉर्मचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. पुढे वहिनीने सांगितलं, तो कपड्यांच्या कपाटाच्या खणात अंथरलाय.

हे आठ महिने चाललं. मग एका सकाळी आईने सात वाजता गोळी घेतली, वर पाणी प्यायली, “पुरे” म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून बसली. बाबा कप धुऊन परत आले तेव्हा ती तशीच बसलेली होती. तिला हलवायला नको म्हणून ते अर्धा तास शेजारी बसून राहिले आणि मग त्यांनी आम्हाला फोन केले. आधी दादाला, मग मला. डॉक्टर म्हणाले, झोपेतल्यासारखी गेली. बाबांनी त्यांना एकच विचारलं, “गोळीमुळे नाही ना?” डॉक्टरांनी त्यांचा हात धरून सांगितलं, “नाही. गोळी तुम्ही एकदम बरोबर देत होतात.”

दहा दिवसांनी मी कामावर गेले. आठला गोळ्या सोडल्या, वल्ही फिरायला लागली. पहिलं सॅम्पल, दुसरं सॅम्पल. अकराला फोन वाजला. मावशींनी उचलला. या वेळी त्या ओरडल्या नाहीत. फोन घेऊन माझ्यापर्यंत चालत आल्या आणि हळूच म्हणाल्या, “बाबा आहेत.”

“बोला बाबा.”

“कामात आहेस?”

“नाही. बोला ना.”

“बाटली आवरत होतो.” पलीकडे बाटलीचं झाकण फिरल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, “शेवटची आली नाही गं.”

मी फोन कानाशी धरून उभी राहिले. तेही काही बोलले नाहीत. समोर सहा भांड्यांत सहा गोळ्या फिरत होत्या. घड्याळ पुढे सरकताना मला दिसत होतं आणि फोन ठेवायचा नव्हता.

बावीस वर्षांत पहिल्यांदा तिसऱ्या तासाचं सॅम्पल माझ्याकडून सात मिनिटं उशिरा निघालं. रजिस्टरात त्याचं कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, ‘घरचा फोन होता.’